रूटची यादी कोणाच्या हाती?

प्रश्न : डोमेन नावांवर शेवटचा शब्द कोणाचा चालतो? अमेरिकी सरकारचा, आयकॅनचा (या नावांचा कारभार पाहणारी ना-नफा संस्था) की कंपन्यांचा? उद्या कोणी स्वतःची वेगळी यादी काढली तर त्याला अडवणार कोण?

उत्तर : आधी शेवटचा प्रश्न घेते. अडवणारं कोणी नाही. रिझॉल्व्हर म्हणजे नावावरून साइटचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर. मी सांभाळते त्या रिझॉल्व्हरमध्ये एक छोटीशी फाइल आहे. रूट सर्व्हरची ए ते एम अशी तेरा नावं आणि त्यांचे पत्ते, एवढाच तिचा ऐवज. 'डॉट कॉम'ची चौकशी कुठे करायची, हे रिझॉल्व्हर या तेरांपैकी कोणाला तरी विचारतो; 'डॉट कॉम'सारख्या सगळ्या शेवटांची यादी, म्हणजेच रूट, त्यांच्याकडे असते. ते पत्ते खोडून मी दुसरे लिहिले, तर माझ्यामागच्या सगळ्यांसाठी इंटरनेटचा नकाशाच बदलेल.

हे २८ जानेवारी १९९८ला जगाला दिसलं. इंटरनेटच्या नावा-पत्त्यांची नोंद तेव्हा सांभाळणारे संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी आठ रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना ईमेल केला : यादी नेटवर्क सोल्यूशन्स या सरकारी कंत्राटदार कंपनीच्या सर्व्हरवरून न घेता माझ्याकडून घ्या. आठही जणांनी ऐकलं, ते निव्वळ पोस्टेल यांच्या शब्दाखातर. दोन्हीकडची यादी सारखीच असल्याने वापरणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. व्हाइट हाउसचे सल्लागार आयरा मॅगझिनर मात्र हादरले. ही चाचणी होती, असं पोस्टेल यांनी सांगितलं आणि सगळं पूर्ववत झालं. त्याच वर्षी आयकॅन स्थापन झाली आणि ऑक्टोबरमध्ये पोस्टेल गेले.

मग ज्याने त्याने आपली यादी काढली तर काय बिघडलं? बिघडतं, आणि 'डॉट बिझ'ने ते दाखवून दिलं. एका पर्यायी रूटवर हे नाव आधीच चालू असताना आयकॅनने २०००मध्ये स्वतःचं 'डॉट बिझ' मंजूर केलं. म्हणजे पत्ता एकच, पण तुमचा रिझॉल्व्हर कोणाचं ऐकतो त्यावर साइट वेगळी उघडणार आणि ईमेल भलत्याच्याच हाती पडणार. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी आरएफसी २८२६ त्याच वर्षीचा. रूट एकच हवा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय आणि मला ते शंभर टक्के पटतं.

आता ताब्याचं. अमेरिकी सरकारचा आयकॅनशी असलेला करार १ ऑक्टोबर २०१६ला संपला. आज बदल तपासते आयकॅनची शाखा, यादी तयार करून पुरवते व्हेरिसाइन ही कंपनी आणि ती तेरा नावांच्या सर्व्हरवरून वाटतात बारा वेगवेगळ्या संस्था. हुकूम कोणाचाच चालत नाही. तरी सगळे एकच यादी घेतात, कारण फुटलेलं इंटरनेट कोणालाच नको आहे.

ही सहमती मला कोणत्याही सरकारी शिक्क्यापेक्षा मोलाची वाटते. २०२२मध्ये युक्रेनने रशियाचं 'डॉट आरयू' रद्द करण्याची मागणी केली. त्या देशावर जे कोसळलं होतं ते पाहता ती मागणी मला समजते. तरीही आयकॅनने नकार दिला ते योग्यच केलं. एका देशाचं नाव एकदा युद्धापायी यादीतून गेलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक सरकारने स्वतःचा रूट उभारायला घेतला असता.