घरचं थिएटर: खरेदीआधीचे चार प्रश्न

जुन्या लॅपटॉपवर जेलिफिन (साठवलेले सिनेमे घरच्या टीव्हीवर पाठवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय. साधे सिनेमे झकास चालतात, पण फोर-के लावला की सारखं चक्र फिरत बसतं. नवा मिनी पीसी घेऊ का? (सांगली)

इतक्यात नको. सिनेमा चालू असताना जेलिफिनचा डॅशबोर्ड उघडा आणि 'डायरेक्ट प्ले' लिहिलंय की 'ट्रान्सकोडिंग', एवढंच बघा. डायरेक्ट प्लेमध्ये सर्व्हर, म्हणजे तुमचा लॅपटॉप, फाइल जशीच्या तशी टीव्हीकडे धाडतो. त्याला जुना लॅपटॉपही पुरतो. ट्रान्सकोडिंग म्हणजे टीव्हीला फाइल झेपत नाही म्हणून लॅपटॉप ती चालता चालता नव्याने बनवतोय. फोर-केला तिथे त्याचा जीव जातो.

कारण पुष्कळदा क्षुल्लक असतं. ब्लू-रेवरून आलेली सबटायटल्स अक्षरं नसतात, चित्रं असतात. टीव्हीच्या ॲपला ती दाखवता आली नाहीत, की सर्व्हर ती एकेका फ्रेमवर छापत बसतो. सबटायटल्स बंद करून बघा. सुरळीत चाललं, तर एसआरटी फाइल (अक्षरांतली सबटायटल्स) मिळवा, खर्च शून्य.

डायरेक्ट प्ले असूनही अडकतंय? मग टीव्हीचं लॅन पोर्ट तपासा. भारी किमतीच्या टीव्हीतही कंपन्या 100 एमबीपीएसचंच पोर्ट बसवतात, आणि फोर-के ब्लू-रेचा वेग 128 पर्यंत जाऊ शकतो. अशा वेळी वायर काढून 5 गिगाहर्ट्झच्या वायफायवर या. उलटं वाटेल, पण चालतं.

एवढं करूनही ट्रान्सकोडिंग टळत नसेल, तर इंटेल एन100 चिपचा मिनी पीसी घ्या. ग्राफिक्स कार्डाच्या भानगडीत पडू नका. क्विक सिंक (त्या चिपमधली ट्रान्सकोडिंगची सोय) मात्र जेलिफिनच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावं लागतं.

जेलिफिनमध्ये जुन्या 'श्यामची आई'ला नव्याचं पोस्टर लागतं. (ठाणे)

एक 1953 चा, दुसरा 2023 चा. नाव तेच, सर्व्हरने तरी काय करावं! फोल्डर आणि फाइल, दोन्हींच्या नावापुढे कंसात साल लिहा. तरी ऐकलं नाही, तर 'आयडेंटिफाय' दाबून हाताने निवडा. जुन्या मराठी सिनेमांच्या नोंदी टीएमडीबीवर (जेलिफिन जिथून पोस्टर आणि माहिती घेतं, ती वेबसाइट) बऱ्याचदा अर्धवट असतात. त्या कुणालाही भरता येतात. तेवढं पुण्य जोडाच.

मुलगी जर्मनीत असते. तिला आमच्या सर्व्हरवरचे सिनेमे बघायचेत. राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडलं, तरी बाहेरून काही लागत नाही. (नाशिक)

राउटरवरचा डब्ल्यूएएन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता बघा. तो 100.64 ते 100.127 यांमधल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलाय. मग पोर्ट उघडून उपयोग नाही. तसंही सर्व्हर असा चव्हाट्यावर मांडू नये. टेलस्केल (लांबची उपकरणं खासगी जाळ्यात जोडणारं ॲप) तुमच्या सर्व्हरवर आणि तिच्या उपकरणावर टाका. घरगुती वापराला फुकट आहे. प्लेक्सकडे (जेलिफिनसारखंच सॉफ्टवेअर) वळायचा विचार असेल, तर घराबाहेरून बघायला तिथे एप्रिल 2025 पासून पैसे पडतात. आणि सिनेमा तुमच्या घरून जाणार, म्हणून तुमचा अपलोडचा वेग मोजून घ्या, तिचा डाउनलोडचा नव्हे.

हॉलमध्ये 12 फुटांवरून बघतो. प्रोजेक्टर की टीव्ही? (कोल्हापूर)

दिवसाही बघणार आणि खिडक्यांना जाड पडदे नाहीत, तर टीव्ही. अंधार करता येत असेल, तर प्रोजेक्टरवर साधारण 90 इंचांचं चित्र त्या अंतराला छान बसतं. 120 च्या मोहात पडू नका. उरलेले पैसे स्पीकरवर घाला.