हॉटेलचा ‘भोगवटा दर’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे की हॉटेल मॅनेजमेंटच्या प्रोजेक्टात ‘परफॉर्मन्स मोजणे’ला ‘कार्यक्षमता मोजणे’ आणि ऑक्युपन्सी रेटला, म्हणजे एकूण खोल्यांपैकी किती भरल्या त्याला, ‘भोगवटा दर’ लिहिलंय, ते चालेल का.

मला दोन्ही पटत नाहीत. भोगवटा शब्द चांगला आहे, पण आपण तो वाचतो सातबाऱ्यावर, भोगवटादार वर्ग १ नि वर्ग २, नाहीतर बिल्डिंगच्या भोगवटा प्रमाणपत्रात, म्हणजे त्यात ताबा आला, हक्क आला. महाबळेश्वरला दोन रात्री राहून जाणाऱ्याचा खोलीवर कसला भोगवटा? काउंटरवरचा माणूस सरळ ‘आज फुल आहे’ म्हणतो. म्हणून ‘खोल्या भरण्याचं प्रमाण’ लिहा, थोडं लांबतं पण कुणालाही कळतं.

कार्यक्षमता म्हणजे एफिशियन्सी, कमी माणसांत नि कमी खर्चात काम किती नीट उरकतं ते. शेवटी हाती काय लागलं ती कामगिरी, आणि परफॉर्मन्सला तोच शब्द हवा. आता बघा, १०० खोल्यांच्या हॉटेलात ८० खोल्या २००० रुपयांनी गेल्या तर १,६०,००० आले, शेजारच्या तेवढ्याच हॉटेलात ५० खोल्याच गेल्या पण ३६०० नी, तर १,८०,०००. भरण्यात पहिलं पुढे, उत्पन्नात दुसरं. म्हणून तर हॉटेलवाले रेव्हपार (रेव्हेन्यू पर अव्हेलेबल रूम) काढतात, खोल्यांचं उत्पन्न भागिले सगळ्या उपलब्ध खोल्या, रिकाम्यासुद्धा धरून, म्हणजे इथे १६०० आणि १८००.

याला मी ‘उपलब्ध खोलीमागे उत्पन्न’ म्हणेन. ‘खोलीगणिक’ मात्र नको, कारण दिवसागणिक, घरागणिक म्हटलं की एकेक मोजत गेल्यासारखं वाटतं आणि रिकाम्या खोलीतून तर काहीच आलेलं नसतं. ‘मागे’मध्ये सरासरीची वाटणी आपोआप येते, एकरी उत्पन्न किंवा माणशी खर्च म्हणतो ना तसंच. आणि ‘उपलब्ध’ गाळू नका हं, कारण फक्त गेलेल्या खोल्यांनी भागलं की तो सरासरी दर होतो, वरच्या उदाहरणात २००० आणि ३६००, ते वेगळं माप आहे.

अजून एक, मराठीत मिसळ मिळते तेही हॉटेलच आणि तिथे खोल्याच नसतात, तेव्हा पहिल्याच पानावर ‘निवासाची सोय असलेली हॉटेलं’ असं स्पष्ट लिहा.