दुहेरी साल आणि तुटकी कड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बँकेतून आणलेल्या नाण्यांच्या रोलमध्ये मला एक असे नाणे मिळाले, की त्यावरील सालाचे शेवटचे दोन आकडे दोनदा उमटल्यासारखे दिसतात. याला दुहेरी ठशाचे नाणे म्हणता येईल का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून शक्यता कमी वाटते. असे दिसणाऱ्या बहुतेक नाण्यांत ठसा निर्दोष असतो आणि गडबड नाणे पाडतानाच्या हिसक्याने झालेली असते. ठसा आदळून वर उचलला जाताना किंचित सरकला, तर नुकताच उठलेला आकडा एका बाजूने चेपला जातो. भिंगातून पाहिल्यास त्या बाजूला एक सपाट, चकचकीत पायरी दिसते आणि आकडा तेवढाच बारीक झालेला असतो, कारण ती पायरी त्याच्याच धातूतून निघालेली असते.

दुहेरी ठशाचे मूळ मात्र ठसा घडवतानाच पडलेले असते. पूर्वी मूळ आकृती ठशावर एकाहून अधिक वेळा दाबावी लागे आणि दोन दाबांच्या मध्ये ठसा जरासा फिरला, की दुहेरी आकृती त्यातच कायमची बसे. मग त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर ती त्याच जागी उमटे. अशा नाण्यावरील अक्षरे नेहमीपेक्षा जाड असतात, दुसरी प्रतिमाही पहिलीसारखीच गोलसर व उठावदार असते आणि अक्षरांच्या टोकांशी दुभंगल्यासारखी खाच आढळते. अमेरिकेच्या १९५५ च्या काही एक सेंट नाण्यांवर साल आणि अक्षरे भिंगाशिवायही दुहेरी दिसतात, इतका तो ठसा फिरला होता. आपल्या नाण्यावर खाच आहे की पायरी, एवढे पाहिले तरी बहुधा निकाल लागेल. दहापट मोठे दाखवणारे भिंग त्यासाठी पुरते. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक ओरखडा चूक वाटू लागतो, हा माझा स्वतःचाही अनुभव आहे.

प्रश्न : माझ्याकडील एका नाण्याच्या कडेचा चंद्रकोरीएवढा भाग नाही आणि वजनही कमी भरते. ही टांकसाळीतील चूक समजावी का?

उत्तर : वजन कोणी कानस चालवली तरी कमीच भरणार, त्यामुळे त्यावर विसंबू नये. नाण्यांच्या कोऱ्या चकत्या धातूच्या लांब पट्टीतून कापतात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर पुढचा काप आधीच्या छिद्रावर चढतो आणि चकती अपुरी निघते. ही चकती नंतर तिची कड उचलणाऱ्या यंत्रातून जाते, जिथे तिला दोन्ही बाजूंनी एकदम दाब बसतो; पण चंद्रकोरीच्या जागी दाबायला धातूच नसल्याने तिच्या बरोबर समोरची कडही नीट उचलली जात नाही. म्हणून आपण आधी चंद्रकोरीकडे न पाहता तिच्या समोरची कड पाहावी. तिथे ती पुसट, दबलेली असेल आणि चंद्रकोरीजवळची अक्षरे मोकळ्या जागेकडे ओढल्यासारखी निमुळती झाली असतील, तर नाणे खरे असण्याची शक्यता बरीच आहे. (प्रत्येक खऱ्या नाण्यावर ही खूण ठळक असेलच असे नाही.) याउलट, अक्षरे सुरीने कापल्यासारखी मध्येच संपत असतील, तर नाणे पाडून झाल्यावर कोणी तरी हात चालवला आहे.

प्रश्न : सापडलेली नाणी घासून स्वच्छ करावीत का?

उत्तर : मुळीच नाही. घासल्याने मूळ पृष्ठभाग जातो आणि तो परत आणता येत नाही.

प्रश्न : एकेक नाणे भिंगाखाली पाहण्यात फार वेळ जातो. काही सोपा क्रम आहे का?

उत्तर : भिंग सर्वांत शेवटी घ्यावे. आधी सर्व नाण्यांच्या कडा एकत्र पाहाव्यात, म्हणजे वेगळ्या रंगाची किंवा जाडीची कड लगेच नजरेत भरते. मग शंका येईल ते नाणे वजनकाट्यावर ठेवावे. धातू बदलला त्या वर्षांची नाणी तर वजन केल्याशिवाय सोडूच नयेत : अमेरिकेचा सेंट १९८२ मध्ये ३.११ ग्रॅमवरून २.५ ग्रॅमवर आला आणि त्या एकाच सालाचे दोन्ही प्रकारचे सेंट आढळतात. त्यानंतर प्रत्येक नाणे उलटून दोन्ही बाजू वाचाव्यात. ब्रिटनमध्ये २००८ साली २० पेन्सच्या नाण्याची रचना बदलून साल मागच्या बाजूवरून राणीच्या बाजूवर नेले गेले, पण काही नाणी पाडताना नव्या मागील ठशासोबत राणीचा जुनाच ठसा लागला आणि ती नाणी सालाविनाच चलनात गेली. ती ओळखायला भिंग लागतच नाही.