सहावीतल्या मुलीचा अभ्यास घरी फोनवर चालतो. तिला ऑनलाइन सुरक्षित कसे ठेवावे?

तुमची मुलगी वडिलांच्या जुन्या फोनवर शिकवणीचे तास आणि गृहपाठाचे व्हिडिओ पाहते, दुपारी घरी फक्त आजी असतात, आणि अशा वेळी काय काळजी घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे. मी शाळेत संगणक शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न पालकांकडून वारंवार ऐकतो.

पहिली अडचण त्या फोनमधल्या खात्याची आहे. फोन जुना असला तरी त्यात वडिलांचे गूगल खाते उघडेच असेल, तर ते रात्री यूट्यूबवर जे पाहतात त्याच धाटणीचे व्हिडिओ दुपारी अपूर्णांकांचा धडा संपताच तिच्यासमोर येतात, आणि प्ले स्टोअरच्या लेखी फोन वापरणारी व्यक्ती प्रौढ ठरते. म्हणून त्यातले फोटो दुसरीकडे साठवून फोन फॅक्टरी रिसेट करा (म्हणजे आतले सगळे पुसून तो नव्यासारखा करा), सिम न घालता घरच्या वायफायवर चालवा (म्हणजे बँकेचे ओटीपी त्यावर येण्याचा प्रश्नच उरत नाही) आणि गूगल फॅमिली लिंक या पालकांसाठीच्या ॲपमधून मुलीचे वेगळे खाते काढा. नव्या ॲपसाठीची परवानगी मग तुमच्या फोनवर मागितली जाईल आणि वापराची वेळही तिथूनच ठरवता येईल. जन्मतारीख खरीच लिहा. ‘एवढ्याने काय होते’ म्हणून अनेक पालक वय वाढवून टाकतात आणि मग या सोयींना काही अर्थच राहत नाही.

वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप तुमच्याच क्रमांकावर असू द्या. ग्रुपमधल्या प्रत्येकाला इतरांचे क्रमांक दिसतात, तेव्हा प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये प्रोफाइल फोटो आणि ग्रुप या दोन्ही ठिकाणी ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा. गणवेशावरचे शाळेचे नाव वाचता येईल असा तिचा फोटो तिथे नको.

आजींना तंत्रज्ञान कळलेच पाहिजे असे नाही. फोन बैठकीच्या खोलीत, पडदा त्यांना दिसेल असा आणि शक्यतो इअरफोनशिवाय वापरला जावा, एवढे त्या नक्की पाहू शकतील.

फॅमिली लिंक मुलांचे चॅट वाचून दाखवत नाही, आणि ते चोरून वाचावे असे मलाही वाटत नाही. फसवणाऱ्यांची रीत मात्र मुलीला आधीच, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा: गेममध्ये ओळख काढायची, काहीतरी भेट द्यायची, मग दुसऱ्या ॲपवर बोलवायचे, घरी सांगू नकोस म्हणायचे आणि शेवटी फोटो मागायचा. असे काही घडल्याचे तिने सांगितले तर फोन काढून घेतला जाणार नाही, हे वचन तिला आजच द्या आणि पाळा. ही भीती असेल तर मुले गप्प राहतात आणि समोरचा नेमका त्याचाच फायदा उठवतो.

तसा प्रसंग आलाच तर घाबरून चॅट पुसू नका; स्क्रीनशॉट, समोरच्याचे यूजरनेम आणि वेळ जपून ठेवा. लैंगिक हेतूने मुलांशी ऑनलाइन वारंवार संपर्क साधणे हा पॉक्सो कायदा, २०१२ (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) नुसार गुन्हा आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि पैशांची फसवणूक झाल्यास १९३० हे क्रमांक आहेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविषयीच्या लैंगिक मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. मुलीचा आक्षेपार्ह फोटो कोणाकडे गेला असेल, तर तो सल्ला विचारण्यासाठीसुद्धा नातेवाइकांना पुढे पाठवू नका, कारण असा फोटो पाठवणे हादेखील माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो.