मार्कच्या दहाव्या अध्यायातले 'मोठा', 'सेवक' आणि 'दास'

प्रश्न असा आलाय की मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, येशू म्हणतो ज्याला मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं आणि ज्याला पहिला व्हायचंय त्याने सगळ्यांचा दास व्हावं, तर तिथे 'महान' न म्हणता नुसतं 'मोठा' का, सेवक आणि दास यात फरक काय, आणि चर्चमधल्या पदांसाठीचे डीकन, मिनिस्टर हे शब्द याच्याशी नात्यातले आहेत का.

'मोठा'चं आधी उरकून टाकते. मूळ ग्रीक शब्द 'मेगास', आणि तो आपल्या 'मोठा'सारखाच सगळीकडे चालतो, मोठा दगड, मोठा आवाज, मोठा माणूस. त्याचंच पुढचं रूप 'मेइझोन', म्हणजे जास्त मोठा, प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात याकोबाचा जुळा भाऊ एसाव याच्यासाठी वापरलंय, तिथे अर्थ चक्क थोरला भाऊ. 'महान' म्हटलं की आपल्याला पुतळे आणि जयंत्या आठवतात, ज्या भांडणावरून येशू हे म्हणाला ते त्याच्या शिष्यांचं भांडण तसलं नव्हतं, आपल्या बारा जणांत वरचा कोण एवढंच त्यांना ठरवायचं होतं. म्हणून 'मोठा'च बरोबर आहे.

खरी अडचण 'सेवक'मध्ये आहे. माझं स्पष्ट मत, हा शब्द आता मराठीत फार गुळगुळीत झालाय. समाजसेवक, जनसेवक, चौकातल्या फ्लेक्सवर फोटोखाली लिहिलेलं 'आपला सेवक'... सेवक हे मानाचं पद होऊन बसलं, त्यामुळे येशूचं ते वाक्य आपण वाचतो आणि ते कुणाला टोचतच नाही. ग्रीकमध्ये तिथे 'दिआकोनोस' आहे. सांगितलेलं काम करणारा, निरोप पोचवणारा असेही त्याचे अर्थ होतात, पण अगदी रोजचा अर्थ म्हणजे जेवताना वाढणारा, आपला वाढपी. योहानच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात काना गावच्या लग्नात रांजण पाण्याने भरणारी माणसं आहेत ना, ते सगळे 'दिआकोनोस'च. आणि लूकच्या 22व्या अध्यायात तर शेवटच्या भोजनाला बसल्यावर पुन्हा तोच वाद निघतो, मोठा कोण, तेव्हा येशू सरळ विचारतो की मोठा कोण असतो, जेवायला बसलेला की वाढणारा? उत्तर उघड आहे, बसलेला. आणि मग तो म्हणतो, मी मात्र तुमच्यात वाढणाऱ्यासारखा आहे. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत घरचे लोक स्वतः वाढायला येतात, आग्रह करतात, त्यात मान असतो, पण तो अर्थ इथे घ्यायचा नाही, कारण त्या काळच्या बड्या मेजवानीत वाढणारे सहसा गुलाम असायचे, त्यांना पाहुण्यांच्या बरोबरीने बसायची सोय नव्हती.

'दास'चंही तेच. रामदास, दास्यभक्ती, या सगळ्यामुळे आपल्या कानाला तो शब्द गोड लागतो. ग्रीक 'दूलोस' म्हणजे सरळ गुलाम, मालकाची मालमत्ता, बाजारात विकत मिळणारा. म्हणजे फरक विचारलात तर वाढपी निदान कामापुरता खाली असतो, दूलोस चोवीस तास खालीच. आता 'गुलाम' या शब्दाचं बघा, अरबीत त्याचा मूळ अर्थ मुलगा, पोरगा असा आहे. ग्रीक 'पाइस' हा शब्दही मुलगा आणि नोकर दोन्हीला चालतो, मत्तयाच्या आठव्या अध्यायात शताधिपतीचा, म्हणजे रोमन सैन्यातल्या अधिकाऱ्याचा, जो चाकर आजारी आहे तो मुळात 'पाइस'च आहे. आणि आपला हॉटेलातला 'पोऱ्या' तरी काय वेगळा. हे लक्षात ठेवून मार्कचा नववा अध्याय वाचा, कफर्णहूम गावातल्या घरात येशू म्हणतो पहिला व्हायचं असेल तर सगळ्यांत शेवटचा आणि सगळ्यांचा सेवक हो, आणि लगेच एका लहान मुलाला मधोमध उभं करून कवेत घेतो. प्रवचनात इथे बऱ्याचदा मुलांच्या निरागसपणावर बोललं जातं, मला ते पटत नाही, मार्कमध्ये निरागसतेचा एक शब्द नाही. त्या घरात ज्याच्या शब्दाला काडीची किंमत नव्हती असा तो जीव होता, आणि अशा एकाला जवळ करणं म्हणजे मला जवळ करणं असं येशू म्हणतोय.

याचा अर्थ 'नम्र रहा' एवढाच घेतला तर फार कमी घेतला. मोठं व्हायची इच्छाच वाईट असं येशू याकोब आणि योहान या आपल्या दोन शिष्यांना म्हणत नाही. ते दहाव्या अध्यायात येशूच्या उजवी-डावीकडची मानाची जागा मागतात, तो म्हणतो तुम्ही काय मागताय ते तुम्हाला कळत नाहीये. पाच अध्याय पुढे जा, मार्क मुद्दाम नोंदवतो की क्रुसावर येशूच्या एक उजवीकडे आणि एक डावीकडे होता, दोघेही लुटारू. आणि क्रूस ही रोमन जगात खास गुलामांची शिक्षा मानली जायची, स्पार्टाकस या गुलामाने उभं केलेलं गुलामांचं बंड मोडल्यावर इ.स.पू. 71 मध्ये आप्पिया रस्त्यावर सुमारे 6000 बंडखोरांना असंच टांगलं होतं. तेव्हा 'सगळ्यांचा दास' हा बोलण्यातला अलंकार नाही, ज्याने ते म्हटलं तो खरोखर गुलामाच्या मरणाने मेला. त्याच वाक्याला जोडून मराठी बायबलमध्ये 'खंडणी' येते, पेपरातल्या बातम्यांमुळे तो शब्द आता भलताच वाटतो, पण ग्रीक 'लुत्रोन' म्हणजे गुलामाला किंवा कैद्याला सोडवण्यासाठी भरलेली किंमत.

राहिले डीकन आणि मिनिस्टर. 'डीकन' थेट 'दिआकोनोस'वरून आलाय, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या जेवणाची व्यवस्था बघायला जे सात जण निवडले त्यांच्या कामाला क्रियापदही तेच, म्हणजे वाढणं. 'मिनिस्टर' लॅटिन, 'मिनुस' म्हणजे कमी, त्यावरून, म्हणजे खालचा माणूस. त्याच्या उलट 'मागिस' म्हणजे जास्त, त्यावरून 'मागिस्तेर', वरचा माणूस, ज्याचा इंग्रजीतून आपला मास्तर झाला आणि पोर्तुगीजमधून मेस्त्री. लॅटिन बायबलमध्ये मत्तयाच्या 23व्या अध्यायात हे दोन्ही शब्द लागोपाठच्या वाक्यांत आलेत, स्वतःला मागिस्तेर म्हणवून घेऊ नका, तुमचा मागिस्तेर एकच आहे, ख्रिस्त, आणि तुमच्यात जो मोठा असेल तो तुमचा मिनिस्टर होईल.