वाचकांचे प्रश्न : रेक्याविकची ती संध्याकाळ

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. माझा मुलगा कोपनहेगनला असतो आणि 'सिगुर रोस' या आइसलँडच्या बँडचा तो कॉलेजपासूनचा चाहता. त्याच्या खोलीतून ऐकू येणारी ही गाणी पुढे मी स्वतःहून, भाजी निवडताना लावू लागले. डिसेंबर 2017 मध्ये तो मला त्यांच्या कार्यक्रमासाठी आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकला घेऊन गेला. दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळला आणि त्या काळोखातून आम्ही समुद्रकाठच्या हार्पा सभागृहात पोहोचलो. गायकाने गिटारवर गज फिरवायला सुरुवात केली तेव्हा खुर्चीचा हातसुद्धा थरथरत होता. एका गाण्याच्या मधोमध सारे वादन थांबले, मला वाटले संपले, आणि मी टाळी वाजवली. संपूर्ण प्रेक्षागृहात माझी एकटीची टाळी! मुलाने काही न बोलता माझा हात धरून ठेवला. शेवटच्या गाण्यात ड्रमचा जोर वाढत गेला तसे मला रडू आवरेना. पण खरे सांगते, दोन तासांत एक शब्द कळला नाही. शब्द न कळता आलेले हे रडू गाण्यामुळे होते, की केवळ मोठा आवाज आणि दिव्यांचा परिणाम? आणि त्या टाळीबद्दल मला अजूनही ओशाळल्यासारखे का वाटते?

उत्तर : आपले पत्र वाचताना पहिल्यांदा हेवा वाटला, हे कबूल करतो. त्या डिसेंबरात 27 ते 30 या चार दिवसांत या बँडने हार्पामध्ये स्वतःचा महोत्सव भरवला होता. त्याचे आइसलँडिक नाव शब्दशः 'उत्तरेकडे आणि खाली' असे असले, तरी बोलण्यात त्याचा अर्थ 'सारे रसातळाला चालले आहे' असा होतो. एवढ्या गंभीर चेहऱ्याने वाजवणारी ही मंडळी थट्टेखोरही आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

आता शब्दांविषयी. आपल्याला जे कळले नाही, त्यातले काही तेथील स्थानिक श्रोत्यांनाही कळलेले नसणार. बहुतेक गाणी आइसलँडिकमध्येच आहेत, परंतु काही गाण्यांत योन्सी हा गायक जे उच्चारतो त्याला 'वोनलेन्स्का' म्हणतात. 'वोन' म्हणजे आशा, म्हणून 'आशादेशाची भाषा' असे त्याचे मराठी करता येईल. 'वोन' याच नावाच्या त्यांच्या 1997 च्या पहिल्या अल्बमपासून ती ऐकू येते. तिला भाषा म्हणणेही सोयीपुरतेच, कारण तिला व्याकरण नाही आणि शब्दकोशही नाही. चाल सुचते तेव्हा तोंडात जे स्वर आणि व्यंजने येतात, तीच तेथे अर्थाची जागा घेतात. एरवी संगीतकार असे निरर्थक बोल तात्पुरते घालतो आणि कवीचे शब्द आले की काढून टाकतो, पण यांनी अनेकदा ते तसेच राहू दिले. 2002 च्या ज्या अल्बमचे नाव म्हणजे केवळ दोन कंस आहेत, त्यातील आठही गाणी याच बोलांत आहेत. त्यांना शीर्षके दिलेली नव्हती आणि सोबतची पुस्तिका कोरी होती. श्रोत्याने ऐकावे आणि आपले शब्द आपण लिहावेत, अशी कल्पना.

साताऱ्याच्या बाईंना हे परके वाटण्याचे कारण नाही. आपण तराणा ऐकतो तेव्हा 'तनोम तदानी'चा अर्थ विचारत नाही. नोमतोमच्या आलापीत किंवा नुसत्या आकारात रंगलेला श्रोता 'गाणे कळले नाही' असे म्हणत घरी जात नाही. एक फरक मात्र नोंदवला पाहिजे. तराण्यात अक्षरे लयीशी खेळतात, त्यांना वेग असतो, तर योन्सी एकेका स्वरवर्णावर इतका वेळ रेंगाळतो की व्यंजन येऊन गेल्याचे जाणवतच नाही. म्हणून त्याचे गाणे तराण्यापेक्षा आलापाला जवळचे आहे. त्यातच त्याचा तो टिपेच्याही वर जाणारा पातळ आवाज, ज्याला पाश्चात्त्य संगीतात फॉल्सेटो म्हणतात, त्यामुळे गाणारा पुरुष की बाई, तरुण की लहान मूल, हेही सांगता येत नाही. ज्या खुणांवरून आपण गाणाऱ्याला ओळखतो, त्या बहुतेक सगळ्या येथे पुसलेल्या असतात आणि श्रोत्याला स्वतःचे काहीतरी तेथे ठेवायला जागा मिळते. आपण काय ठेवले, ते मी विचारणार नाही.

आवाज आणि दिव्यांचा परिणाम नव्हता असे मी म्हणणार नाही. तो होताच, आणि तो लबाडीने केलेला नव्हता. आपण वर्णन केलेले शेवटचे गाणे माझ्या अंदाजाने त्या कंसांच्या अल्बममधील आठवे असावे. बँडने आपसात त्याला दिलेले नाव 'पॉप गाणे' असे आहे, आणि ते रेकॉर्डवर साडेअकरा मिनिटांहून लांब आहे! वर्षानुवर्षे ते कार्यक्रमाच्या अखेरीस वाजवले जाते. निम्मे गाणे जवळजवळ पुटपुटण्यात जाते आणि मग ड्रमचे आघात एकाच दिशेने वाढत राहतात. हे सारे रंगमंचावर तिघे जण करत होते, कारण कीबोर्ड वाजवणारा क्यार्तान स्वेन्सन 2013 मध्ये बाहेर पडला होता आणि 2022 मध्ये परतला. घरी भाजी निवडताना हेच गाणे मला तरी लांबलेले वाटते. त्यांची काही गाणी एकमेकांसारखीच आहेत, हेही चाहत्यांच्या रागाची पर्वा न करता सांगतो. प्रत्यक्ष ऐकताना मात्र ती लांबी अंगावर येते, आणि तसेच व्हावे म्हणून ती रचलेली असते.

राहिली टाळी. आपल्याकडे दाद मैफलीच्या मध्येच द्यायची असते. समेवर 'वाहवा' न म्हणणारा श्रोता गवयाला खटकतो. त्या सभागृहात मात्र शांतता हाच गाण्याचा भाग होता. याच मंडळींनी त्या कंसांच्या अल्बमच्या मधोमध 36 सेकंदांची निःशब्द जागा ठेवली आहे. आपण संस्काराप्रमाणे दाद दिलीत, फक्त ती समेऐवजी 'खाली'च्या, म्हणजे टाळी न देण्याच्या मात्रेवर पडली.

जाता जाता एक गोष्ट. हार्पाची काचेची दर्शनी बाजू ओलाफुर एलियासन या कलावंताने बेसॉल्ट या काळ्या दगडाच्या स्तंभांवरून सुचलेल्या आकारांत घडवली आहे. तसे खरेखुरे स्तंभ पाहायचे असतील तर मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिलपर्यंत जावे. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या आपल्यासारखीला तो दगड नवा नाही.

प्रश्न : मी कोल्हापूरला इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. योन्सीचे पाहून व्हायोलिनचा नवा गज विकत आणला, पण गिटारवर फिरवला तर तो नुसता घसरतो, आवाजच येत नाही. गिटारमध्ये दोष आहे का?

उत्तर : दोष गिटारचा नाही. नव्या गजाला आपण राळ लावली नसावी. गजाचे केस तारेला चिकटतात, तिला ओढतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात. गिटारची पाचवी तार सेकंदाला 110 वेळा कंप पावते, म्हणजे ही पकड आणि सुटका सेकंदाला तितक्या वेळा घडायला हवी. राळेविना केस गुळगुळीत असतात, पकड बसत नाही. तुमच्या शहरातील कोणत्याही सारंगियाला किंवा व्हायोलिनवादकाला विचारा, तो आधी तुमचा गज हातात घेऊन केस तपासेल.

दुसरी अडचण राळेने सुटणारी नाही. व्हायोलिनची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज, कमानदार असते, म्हणून गजाला हवी ती एकच तार वाजवता येते. गिटारच्या तारा जवळजवळ एका पातळीत असल्याने गज एक तर कडेच्या तारेवर चालतो किंवा अनेक तारांवर एकदम पडतो. योन्सीने ही मर्यादा दूर केली नाही, तिचाच उपयोग केला: अनेक तारांचा एकत्र घोष, त्यावर भरपूर रिव्हर्ब, म्हणजे घुमणारा प्रतिध्वनी. तो चेलोचा गज वापरतो, जो व्हायोलिनच्या गजापेक्षा जड असतो आणि ज्याच्या केसांची पट्टी रुंद असते. ही युक्ती त्याच्याही आधीची आहे, 1960 च्या दशकात एडी फिलिप्स आणि जिमी पेज या इंग्लिश गिटारवादकांनी ती वापरली होती. सुरुवात सर्वांत जाड तारेवर करा, ब्रिजच्या अगदी जवळ जाऊ नका, आणि वाजवून झाल्यावर तारांवरची व पिकअपवरची (तारांचे कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागावरची) राळेची पूड कोरड्या फडक्याने पुसा.

प्रश्न : 'सिगुर रोस' म्हणजे काय, आणि उच्चार कसा करायचा?

उत्तर : 1994 मध्ये बँड सुरू झाला त्याच सुमारास योन्सीला बहीण झाली. तिचे नाव सिगुररोस, त्याचेच दोन तुकडे करून बँडचे नाव ठेवले. पहिल्या शब्दात विजय आहे आणि दुसऱ्यात गुलाब. 'ग' घशात, अगदी मऊ म्हणावा आणि 'रोस'मधला 'ओ' किंचित 'ओउ'कडे झुकवावा.