बूट घालण्याआधी उपडा करा

(वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं)

पाऊस उघडायच्या बेताला आला की कोल्हापूरकरांना पाय फुटतात. या महिन्यातली निम्मी पत्रं लांबच्या प्रवासाचीच आहेत. तीन निवडली. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, संपादकांनी समजून घ्यावं.

प्रश्न : मी निवृत्त हायस्कूल शिक्षक, वय 61. कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून पायी नर्मदा परिक्रमेला निघायचं ठरवलं आहे. साडेचार महिने धरले आहेत. नऊ वर्षांपासून मधुमेह. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी घेतो, शिवाय रक्तदाबाची एक. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 7.4 टक्के आली. मुलगा म्हणतो गाडीनं करा, मित्र म्हणतात मैया बघून घेईल. बुटाची सवय नाही, कापशी चप्पल घालून चाललं तर चालेल का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : सर, मैया बघून घेईल हे मीही मानते. पण तुमच्या बुटातला खडा काढायला ती येणार नाही.

दोन वर्षांपूर्वी मार्केट यार्डातले एक गुळाचे अडते माझ्याकडे नुसती साखर तपासायला आले होते. दार उघडून आत आले तसा वास आला. मी म्हटलं, बूट काढा. म्हणाले, "पायाला काय नाही हो, रक्त घ्या." काढायला लावला. मोजा तळव्याला चिकटलेला, ओला करून सोडवावा लागला. बूट उपडा करून आत हात घातला तर सुकतळ्यातून ड्रॉइंग पिन वर आलेली. किती दिवस त्यावर चालत होते, त्यांनाच माहीत नव्हतं. दुखलंच नाही. शेवटी अंगठा काढावा लागला. मधुमेहात पायाच्या नसा अशा गुपचूप बधिर होतात आणि माणसाला वाटतं आपले पाय ठणठणीत आहेत.

म्हणून पहिलं काम. तुमच्या डॉक्टरांना सांगा, तळव्याची संवेदना तपासा. मासे धरायच्या दोरीसारखी बारीक नायलॉनची तार असते, ती डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या तळव्याला ठिकठिकाणी टेकवतात आणि लागलं की "हो" म्हणायचं असतं. घोट्याचे आणि पावलावरचे नाडीचे ठोकेही बघून घ्या. पाच मिनिटांचं काम. यात तळवा बधिर निघाला तर मी तुमच्या मुलाच्या बाजूनं आहे, गाडीनं जा. गाडीनं केलेल्या परिक्रमेला कोणी नावं ठेवत नाही, आणि ठेवली तर ठेवू देत.

संवेदना चांगली निघाली असं धरून पुढचं सांगते.

कापशी चप्पल नको. कागल तालुक्यातल्या त्या चपलेचा मला तुमच्याइतकाच अभिमान आहे, लग्नकार्यात मीही घालते. पण टाच उघडी, तळ कडक, अंगठ्याच्या बेचक्यात पट्टा. नवी चप्पल तेल पाजून मऊ होईस्तोवर लागते हे आपल्याकडं पोरासोरांनाही ठाऊक आहे. लागलेलं ज्याला उशिरा कळतं त्यानं ती घालून रोज वीस किलोमीटर चालू नये. बूट संध्याकाळी विकत घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. पुढं अंगठ्याला बोटभर जागा हवी. आणि ते आजच घ्या. निघेपर्यंत रंकाळ्याला फेऱ्या मारा, मग पाठीवर सामानाची सॅक घेऊन एकदा जोतिबाला चालत जाऊन या. बूट कुठं चावतो ते इथंच कळू दे, बडवानीच्या पुढं शूलपाणीच्या झाडीत कळून उपयोग नाही.

पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेत मी दोन पावसाळे फोडांची डॉक्टर होते. दुसरं काही काम नव्हतंच. चिखलात भिजून पांढरीफटक, सुरकुतलेली पावलं आणि टाचेवर लिंबाएवढे फोड. त्यातून शिकलेलं सांगते. जिथं घासतंय, गरम वाटतंय, तिथं फोड यायच्या आधीच थांबून कापडी चिकटपट्टी लावायची. "पुढच्या मुक्कामी बघू" म्हणणाऱ्या प्रत्येकाला फोड आला. दुपारी मोजे बदलायचे, ओले सॅकला बाहेरून अडकवायचे. रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, टाचांना व्हॅसलिन लावायचं, बेचक्यांत मात्र नाही. लहान फोड फोडू नका. मधुमेह्यांनी मोठाही स्वतः फोडायचा नाही, गावातलं आरोग्य केंद्र गाठायचं. आणि रोज सकाळी बूट उपडा करून आपटायचा, आत हात फिरवायचा. खडाच असेल असं नाही, झाडीत विंचूही असतो. रोज रात्री तळवा आरशात किंवा फोनच्या कॅमेऱ्यात बघायचा. सोबत्याला दाखवायची लाज वाटत असेल तर ती ओंकारेश्वरच्या घाटावर सोडून द्या.

आता साखर. तुम्हाला भीती ती वाढण्याची असेल. आश्रमातला गोड चहा, खिचडी, बटाटा, शिरा, सदावर्तात मिळेल ते. मला भीती उलटी आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडातून इन्सुलिन पिळून काढतं, जेवला आहात की नाही ते विचारत नाही. त्यात दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चाल पडली आणि दुपारचं जेवण लांबलं की साखर धाडकन खाली येते. हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, आणि विनाकारण चिडचिड. शेवटचं सोबत्याला आधी कळतं, म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा की मी तिरसट बोलायला लागलो तर वाद घालू नकोस, साखर दे. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, मग काहीतरी पोटात घालायचं. (खिशात आपल्याकडचा गूळ ठेवतो म्हणाल. ठेवा, पण घाईच्या वेळी साखरेचं पाणी लवकर लागू पडतं. गूळ चावत बसायला शुद्ध असावी लागते.) निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बसून गोळीचा डोस कमी करायचा का, की गोळीच बदलायची, हे ठरवा. साखर तपासायचं यंत्र बरोबर घ्या, पहिले पंधरा दिवस रोज सकाळी आणि चालून आल्यावर बघा. या गोळीवर असताना एकादशीचा कडक उपास करू नका.

चालून वजन उतरलं की रक्तदाबही उतरतो. उठून उभं राहताना डोळ्यांपुढं अंधारी आली तर गोळीचा डोस जास्त होतोय असं समजा आणि डॉक्टरांना फोन करा. गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवा, एक सॅक हरवली तर दुसरी हवी. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, म्हणजे मंडल्यात असो की भरूचमध्ये, दुकानदाराला कळेल.

पाणी. नदीच्या काठानं जाणारा माणूस नदीचंच पाणी पितो, श्रद्धा असते. ओंजळभर तीर्थ घ्या, तहान मात्र उकळलेल्या पाण्यानं भागवा. खळखळून एक मिनिट उकळी पुरते. नसेल जमत तर क्लोरीनच्या गोळ्या, अर्धा तास थांबून मग प्यायचं. तुरटी फिरवली की गाळ बसतो, पाणी नितळ दिसतं, जंतू जागेवरच राहतात. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती ती पाण्यातूनच, आणि आपल्यापासून ती तीस किलोमीटरवरसुद्धा नाही.

तरी पोट बिघडलंच तर ओआरएस. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना हेच मीठ-साखरेचं पाणी पाजून वाचवलं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नका. मधुमेह आहे म्हणून साखर वगळू नका, तिच्यामुळंच मीठ-पाणी आतड्यातून शोषलं जातं. उलट्या-जुलाब चालू असतील आणि पोटात काही ठरत नसेल तर त्या दिवशी तुमची एकत्र गोळी थांबवून डॉक्टरांशी बोला.

मंडला, दिंडोरीच्या जंगलपट्ट्यात हिवतापाची शक्यता धरून चला. मच्छरदाणी न्या, वजन जाणवत नाही. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या, क्रोसिन खाऊन पुढचा मुक्काम गाठू नका. परत आल्यावर दोन-तीन महिन्यांतही ताप आला तर डॉक्टरांना परिक्रमेचं आधी सांगा. अमरकंटक उंचावर आहे, तिथल्या थंडीसाठी कानटोपी आणि जाड पांघरूण घ्या. निघण्यापूर्वी धनुर्वाताचं इंजेक्शन, टायफॉइड आणि फ्लूची लस.

साडेचार महिन्यांचा तुमचा हिशेब मी करून पाहिला. नर्मदा सुमारे 1,312 किलोमीटर, दोन्ही काठ धरले की पायवाट त्याच्या दुपटीच्या आसपास जाते. म्हणजे रोज वीस किलोमीटर, एकही दिवस न थांबता. हे गणित मला मान्य नाही. सहा महिने धरा आणि आठवड्यातून एक दिवस मुक्काम हलवू नका. शास्त्राप्रमाणं परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची, चातुर्मासात तर चालायचंच नाही. जुन्या लोकांनी थांबण्याची सोय नियमातच करून ठेवली होती, घाई आपण आणली. नर्मदे हर.

प्रश्न : वय 27, काम लॅपटॉपवर. सहा महिने फिरत काम करणार आहे, आधी आसाम-मेघालय, मग मेमध्ये विमानानं लेह. लांबच्या बसप्रवासात दर वेळी लघवीला जळजळ होते. म्हणून मी बसमध्ये पाणीच पीत नाही. आईला सांगितलं तर ती जाऊच देणार नाही.
— शाहूपुरी

उत्तर : अगं, पाणी पीत नाहीस म्हणूनच जळजळ होते. लघवी साठली की जंतूंना निवांत वेळ मिळतो. बायकांसाठी रस्त्यावर धड स्वच्छतागृहं नाहीत हा दोष तुझा नाही, पण शिक्षा तुझ्या मूत्राशयाला होते. उभ्यानं लघवी करता येईल असं सिलिकॉनचं नरसाळं मिळतं, ते घे, घरी न्हाणीत दोन-चारदा सराव कर. बस थांबली की गरज वाटो न वाटो, जाऊन ये. जळजळ झालीच तर मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या गिळू नकोस, लघवीची तपासणी आणि कल्चर (कोणता जंतू आहे ते बघणारी तपासणी) करून मगच औषध घे. थंडीताप आणि कमरेत एका बाजूला दुखणं आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि दर वेळी होतंय म्हणतेस, तर निघण्याआधी एक सोनोग्राफी करून घे.

लेहबद्दल माझीच फजिती ऐक. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, लेह 3,500. मी डॉक्टर, मला सगळं माहीत होतं. विमानातून उतरले, छान वाटत होतं, संध्याकाळी शांती स्तूपाच्या पाचशेवर पायऱ्या चढले. रात्रभर डोकं फुटत होतं आणि बादली उशाशी. नवरा दोन दिवस "डॉक्टरीणबाई" म्हणून हाक मारत होता. तू पहिले दोन दिवस खोलीत पडून लॅपटॉप उघड आणि काम कर, हेच तुझ्या पथ्यावर पडेल. पुढं वर जाताना झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नकोस. उंचीचा त्रास टाळायला ॲसिटाझोलामाइडची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेता येते. तिनं लघवी जास्त होते, हे तुला आधीच सांगितलेलं बरं. धाप बसल्या जागी लागली किंवा चालताना झोकांड्या जायला लागल्या तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

कुत्रं चावलं तर नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस. मिरची, चुना, हळद काही भरायचं नाही. कावीळ अ (हिपॅटायटिस ए) आणि टायफॉइडची लस आत्ताच घे. आणि आईला सांग. तुझ्या आईच्या वयाच्या बायका माझ्याकडं याच जळजळीसाठी येतात, तिला समजेल.

प्रश्न : आमचे मालक ट्रकवर आहेत, साखर घेऊन दिल्लीला जातात. पंधरा-वीस दिवस बाहेर. घरी आले की दोन्ही पाय सुजलेले, छातीत जळजळ. डब्यात काय देऊ?
— कागल

उत्तर : ताई, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले फुटाणे द्या. दोन-तीन दिवस पुरेल, पुढं त्यांना ढाब्यावरच जेवायचं आहे. तिथं डाळ-रोटी सांगू दे आणि जेवल्यावर लगेच गाडी मारण्याऐवजी पंधरा मिनिटं टायर बघत फिरू दे. पण डब्यानं सुटणारा हा प्रश्न दिसत नाही. ते झोपतात किती? कायद्यानं ड्रायव्हरला दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आहे. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पहाटे दोन ते सहा डोळा लागतोच, त्या वेळी गाडी बाजूला घ्या म्हणावं. जागायला कोणी गोळी देत असेल तर ती घेऊ नका.

सुजेचं मात्र तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. बसून बसून येते, तशी रक्तदाब, किडनी, हृदयामुळंही येते. एकच पाय सुजून पोटरी दुखली तर वाट बघू नका, कुठं असतील तिथंच दवाखान्यात जाऊ दे. छातीतली जळजळही पित्तच आहे असं धरून चालू नका. चढावर, ओझं उचलताना होत असेल तर आधी ईसीजी. यावेळी घरी आले की झोप झाल्यावर सकाळी उपाशीपोटी घेऊन या. रविवारी मी नसते.